ज्वालामुखीची राख: उचलायची कशी आणि टाकायची कुठे?

उत्तरेश्वरकर

नमस्कार मंडळी. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या राखेचा ढग तांबडा समुद्र, येमेन, ओमान असा प्रवास करत गुजरात-राजस्थानवरून दिल्लीपर्यंत येऊन पोहोचला, तेव्हा इथे कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ढग फार उंचावरून गेला, विमान कंपन्यांची धांदल उडाली, खाली चालणाऱ्या माणसाला मात्र काही जाणवले नाही आणि विषय मागे पडला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही, कारण अशी राख जमिनीवर उतरते तेव्हा काय होते हे मी स्वतः हातात झाडू घेऊन पाहिले आहे.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जपानमधील कागोशिमा येथे राहतात. आम्ही उभयता त्यांच्याकडे तीन महिने राहून आलो. सुमारे सहा लाख वस्तीचे हे शहर, आणि समोर खाडीपलीकडे अवघ्या चार किलोमीटरवर साकुराजिमा हा जागता ज्वालामुखी. १९५५ पासून तो थोड्याथोड्या अंतराने राख उडवत आला आहे. तिथे हवामानाच्या बातम्यांत पावसाबरोबरच डोंगरावरच्या वाऱ्याची दिशाही सांगतात, म्हणजे आज कपडे बाहेर वाळत घालायचे की आत, हे बायाबापड्यांना सकाळीच ठरवता येते.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी पाहतो तर बाल्कनीच्या कठड्यावर, विसरून राहिलेल्या टॉवेलवर आणि सरकत्या खिडकीच्या खाचेत करडा थर बसलेला. चिमटीत घेऊन चोळला. आपल्या चुलीतली राख मऊ असते, भस्मासारखी बोटांवर पसरते; ही करकरली. पुढे मी तेच केले, जे कोणीही कोल्हापूरकर करील. बादली भरून आणली आणि धडाधड ओतली. पाणी वाहून गेले, राख गेली नाही. ती सरकत सरकत सांडपाण्याच्या जाळीपाशी जाऊन बसली आणि दुसऱ्या बादलीला बाल्कनी तुंबली. शेजारच्या बाल्कनीतून सत्तरीतल्या एक बाई दोन्ही हात हलवून मला थांबवत होत्या. त्या आमच्या दारात आल्या, त्यांच्या हातात झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली, हातझाडू आणि सुपली होती. त्यांनी उरलेल्या कोरड्या राखेवर इतकेच पाणी उडवले की वरचा रंग गडद झाला, मग टोकाकडून सुरुवात करून लहान लहान ढिगारे केले आणि एका पिवळ्या पिशवीत भरून तोंड बांधले. मी जे जाळीत ढकलले होते, ते काढायला मला चमचा घेऊन पाऊण तास लागला.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपण सर्वांनी गाळ काढला आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ती ओलांडून पाणी गल्लीत शिरले की पुढचे काम काय असते हे उत्तरेश्वर, शुक्रवार पेठ, शाहूपुरी, कुंभार गल्ली यांना शिकवावे लागत नाही. परंतु गाळाचे सगळे शहाणपण राखेला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे त्या जाळीने मला शिकवले. म्हणून हा धागा. कोणाला या कामाची एखादी बाजू माहीत असेल तर सविस्तर लिहावे. वरवरची वाहवा नको.

गंगावेस_कट्टा

काका, वर्णन उत्तम आहे, पण रोखठोक विचारतो. कोल्हापूरपासून जागता ज्वालामुखी हजारो किलोमीटर दूर आहे. आपल्याकडे महापूर, डेंग्यू आणि खड्डे एवढे विषय पुरेसे असताना या राखेचा काथ्याकूट कशासाठी?

काळा_पाषाण

मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून या प्रश्नाला थोडे लांबून उत्तर देतो.

आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर आहे. पन्हाळा, जोतिबा ही सगळी त्याच्याच थरांची उतरंड. शिवाय महाराष्ट्राच्या जमिनीवर परदेशी ज्वालामुखीची राख पडल्याचा पुरावाही आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे पांढुरक्या राखेचा थर सापडतो आणि तो सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा मानला जातो. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा आहे. बोरीची राख त्याच उद्रेकाची की त्याआधीच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. भारताचा एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे आणि दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ पासून तो पुन्हा अधूनमधून धुमसतो. म्हणजे विषय अगदीच परका नाही. अर्थात उद्या कोल्हापुरावर राख पडेल असे मी म्हणत नाही, कोणी म्हणूही नये.

आता काकांच्या जाळीविषयी. ‘राख’ या शब्दानेच आपली फसगत होते. हे काही जळून उरलेले द्रव्य नव्हे. उद्रेकाच्या वेळी शिलारसात विरघळलेले वायू एकदम फसफसून बाहेर पडतात आणि त्या जोरात शिलारसाच्या व खडकाच्या चिंधड्या होतात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान कणांना राख म्हणायचे एवढेच. त्यात ज्वालामुखीय काच असते, खनिजांचे स्फटिक असतात, कणांच्या कडा धारदार असतात, आणि ती पाण्यात विरघळत नाही. आपला पुराचा गाळ म्हणजे बराचसा चिकणमातीचा, नदीने घोळवून गुळगुळीत केलेला. तो ताजा असताना पाण्याच्या जोराबरोबर तरंगत जातो. राख मात्र उतार कमी झाला की जागीच बसते. त्यात ताज्या राखेच्या कणांवर आम्ले आणि क्षार चिकटलेले असतात. ती भिजून पुन्हा वाळली की त्या क्षारांमुळे वर कडक पापडी धरते. गटारात हे घडले की फावड्याने नव्हे, पहारीने काम करावे लागते.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर चुलीची राख घेऊ नका. खडी क्रशरवरची बारीक कच चाळून घ्या. दगड आपलाच, लाव्हाचाच, फक्त तो निसर्गाऐवजी यंत्राने फोडलेला. याहून जवळचा नमुना आपल्याला मिळणार नाही.

ओतारी_शिरोली

सरांनी कच म्हटले आणि मी उठून ते केलेच, कारण आमच्या शेजारीच बांधकाम सुरू आहे. बारीक चाळणीने चाळलेली कच एक घमेले भरून काट्यावर ठेवली. कोरडी १४ किलो भरली. त्यात पाणी मुरेल तेवढे घातले, वर साचू दिले नाही. तेच घमेले १८ किलोंच्या वर गेले. ताजी पडलेली राख कचेपेक्षा पोकळ असते, त्यामुळे ती याहूनही जास्त पाणी पिऊन घेईल असे मला वाटते. सरांनी चूक असल्यास दुरुस्त करावे.

माझा मुद्दा मात्र वजनाचा नाही, छातीचा आहे. मी बत्तीस वर्षे फाउंड्रीत काढली. मोल्डिंगची वाळू, फेटलिंगची म्हणजे ओतीव माल घासून साफ करतानाची धूळ आणि त्यातला सिलिका माणसाचे काय करतो हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या वेळी तोंडाला उपरणे बांधले की झाले, अशी समजूत होती. माझ्याबरोबर शिकाऊ म्हणून लागलेला एक जण पन्नाशीच्या आतच दोन जिने चढेना झाला. डॉक्टरांनी सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, सांगितला. त्या कारखान्याचे नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.

सगळ्या ज्वालामुखींची राख सारखी नसते, हे मला वाचून कळले. कॅरिबियन समुद्रातील मॉन्तसेरात बेटावर १९९५ पासून जो ज्वालामुखी जागा झाला, त्याच्या राखेत क्रिस्टोबलाइट नावाचा स्फटिकी सिलिका मोठ्या प्रमाणात सापडला. दोनचार दिवस राख झाडल्याने कोणाला सिलिकोसिस होत नाही. दमेकऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी त्रास होतो, आणि रोज रस्ते झाडणाऱ्या कामगाराचा हिशेब आपल्यासारख्या एका दिवसाच्या स्वयंसेवकापेक्षा वेगळा धरावा लागतो. म्हणून झाडणाऱ्याच्या तोंडावर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. ओल्या रुमालावर विसंबू नये. दाढीवर मास्क नीट बसत नाही, हे आमच्या पोरांना पटवताना माझा घसा कोरडा पडत असे. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा हवा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याने त्या काढूनच कामाला लागावे, कारण कण लेन्सखाली गेला तर बुबुळावर ओरखडा उठतो.

उत्तरेश्वरकर

ओतारी, तुमच्या घमेल्याने माझे काम सोपे केले. मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर आयुष्य काढले आहे, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय मला झोप येत नाही. हा हिशेब पाहा.

हजार चौरस फुटांची गच्ची धरू. तिच्यावर एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा थर बसला, तर सुमारे ३३ घनफूट राख झाली. आपल्या भाषेत एक तृतीयांश ब्रास. साठ घरांच्या गल्लीत नुसत्या गच्च्यांवरून वीस ब्रास उतरेल. रस्ता, बोळ, परसू वेगळेच. पुराचा गाळ काढताना एका गल्लीत ट्रॅक्टरच्या किती ट्रॉल्या लागल्या होत्या ते आठवा, म्हणजे वीस ब्रास काय असते हे सांगावे लागणार नाही.

आणि हे एका सेंटिमीटरचे झाले. फिलिपिन्समध्ये १५ जून १९९१ रोजी पिनातुबोचा महाउद्रेक झाला, त्याच दिवशी युन्या नावाचे चक्रीवादळ तिथे येऊन थडकले. पडणारी राख पावसाने भिजत गेली, छपरांवरचे ओझे वाढत गेले, आणि त्या दिवसांत जे दगावले त्यांतले बरेचसे लोक छपराखाली सापडून गेले. दहा सेंटिमीटर भिजलेली राख म्हणजे चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो. आपल्या जुन्या वाड्यांचे मंगलोरी कौलांचे छप्पर किंवा गोठ्यावरचा पत्रा एवढ्या ओझ्यासाठी बांधलेला नसतो. जूनच्या तोंडावर राख पडली असती, तर कोल्हापूरच्या पावसाने आपल्याला चार दिवसही दिले नसते.

म्हणून कामाचा क्रम वरून खाली असाच ठेवावा लागतो. आधी छप्पर, मग पन्हळी, मग अंगण, आणि सर्वांत शेवटी रस्ता. पन्हळीचे खाली उतरणारे पाईप गच्ची झाडण्याआधी सोडवून बाजूला करायचे, नाहीतर वरची सगळी राख पावसाच्या पहिल्या सरीबरोबर त्या पाईपात जाऊन बसते. छपरावर चढणारा माणूस पत्र्यावर मधोमध नव्हे, खिळ्यांच्या ओळीवर पाय ठेवील आणि कमरेला दोर बांधील हे पाहावे. राखेचा थर निसरडा असतो, आणि अशा साफसफाईत छपरावरून पडून जायबंदी होणाऱ्यांची संख्या काही थोडीथोडकी नसते.

यात एक गोष्ट अशी आहे जी एकट्या घराच्या हातात नाही. मी सोमवारी माझी गच्ची झाडली, समोरच्याने गुरुवारी झाडली आणि रस्ता रविवारी झाडला, तर माझ्या गच्चीवर बुधवारी पुन्हा राख असते. वारा ती उचलतो, आणि वाऱ्यापेक्षा जास्त वाहने उचलतात. अख्ख्या गल्लीने एकाच दिवशी वरून खाली उतरले पाहिजे.

वायरमन_निवृत्त

वीज खात्यात लाइनवर काम केले आहे, म्हणून एवढेच सांगतो. कोरडी राख इन्सुलेटरवर बसली तर सहसा काही होत नाही. तिच्यावर दव पडले किंवा रिमझिम झाली, की त्या क्षारांमुळे ती ओली राख वीज वाहू लागते, इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून ठिणगी धावते आणि फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, ट्रिप होऊन बंद पडतो. मुसळधार पाऊस उलट बरा, तो धुऊन तरी टाकतो. गच्चीवर फवारणी करताना मीटरपेटी, इन्व्हर्टर आणि सर्व्हिस वायर यांच्यापासून लांब राहावे. खांबाला किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला कोणीही हौसेने पाण्याचा पाईप लावू नये. ते काम वीज बंद करून आमच्या लोकांनीच करायचे असते.

शुक्रवार_पेठेतली_काकू

उत्तरेश्वरकर भाऊजी, आपण गच्ची आणि रस्ता यांत रमलात, घराच्या आत काय करायचे ते कोणी लिहिले नाही. पुरानंतर घर धुताना आमची फरशी आधी खराट्याने, मग पोत्याने, मग फिनेलच्या पाण्याने, अशी तीन वेळा झाली होती. काचेचे कपाट पुसताना गाळातल्या वाळूने त्यावर जे ओरखडे उठले, ते अजून तसेच आहेत. राखेने याहून वाईट होत असेल ना? वहिनींना विचारून लिहा. तुमच्या बादलीवर माझा विश्वास राहिलेला नाही.

उत्तरेश्वरकर

काकू, सौभाग्यवतींना विचारले. त्या हसल्या आणि पुढचे सांगितले, मी केवळ लेखनिक आहे.

राख पडू लागली की दारेखिडक्या लावून घ्याव्यात आणि दाराच्या फटीशी ओले टॉवेल ठेवावेत. येण्याजाण्याला एकच दार ठेवावे, चपला आणि वरचे कपडे तिथेच उतरवावेत. काच, टीव्हीचा पडदा, पॉलिश केलेले लाकूड यांवर कोरडे फडके कधीही फिरवू नये. तुमच्या कपाटाचे जे झाले ते याहून लवकर होईल. ओल्या कापडाने टिपावे, घासू नये, आणि फडके पुन्हा पुन्हा बादलीत पिळून घ्यावे. त्या बादलीतले पाणी मोरीत ओतायचे नाही. तसेच ठेवले की राख तळाशी बसते, मग वरचे पाणी निवळून झाडाला घालायचे आणि खालचा साका पिशवीत. कपडे आधी बाहेर झटकून, मग भरपूर पाण्यात भिजवून काढावेत. पंखा आणि कूलर हे साफसफाई होईपर्यंत बंद. मोटारीच्या काचेवर राख असताना वायपर फिरवला तर काच गेलीच म्हणून समजा.

जावईबापूंनी हे शेवटचे नव्या गाडीवर करून पाहिले होते, अशी माहिती सौभाग्यवतींनी पुरवली आहे. हे मला आजवर ठाऊक नव्हते.

शिवारवाट

माझी पाच एकर उसाची शेती आणि गोठ्यात चार म्हशी आहेत, त्यामुळे मला वेगळीच भीती वाटली. आइसलँडमधील लाकी येथे १७८३ साली भेगेतून जो उद्रेक सुरू झाला तो आठ महिने चालला, आणि तिथली निम्म्याहून अधिक जनावरे मेली. मेंढ्या तर पाचातल्या चार गेल्या. राखेबरोबर आणि वायूंबरोबर आलेले फ्लोराइड गवतावर बसले आणि ते गवत खाऊन जनावरांचे दात आणि हाडे बिघडली. पुढच्या दुष्काळात देशातली पाचवा हिस्सा माणसेही दगावली. वाड्यावर दोन पोती राख पडली तर माणूस ती झाडून टाकतो. वैरणीवर पडलेली चिमूटभर राख म्हशीच्या पोटात जाते, ती दिसतही नाही.

म्हणजे गंजीवर ताडपत्री आधी, गच्ची नंतर. पाण्याच्या हौदावर झाकण हवे. ओला चारा झटकून आणि धुऊनच टाकावा. ‘ज्वालामुखीची माती सुपीक असते’ हे आम्ही शाळेत शिकलो, ते खरेही आहे, पण ती सुपीकता यायला राखेचे हवापाण्याने विघटन व्हावे लागते आणि त्याला पिढ्या जातात. पहिल्या हंगामात जाड थर मातीवर झाकणासारखाच बसतो. पातळ थर असेल तर नांगरून मातीत मिसळता येतो, एवढेच आपल्या हातात.

सरांना एक विचारतो. विहिरीत राख पडली तर पाणी पिण्याजोगे राहते का?

काळा_पाषाण

झाकलेल्या विहिरीला फारसा धोका नसतो. उघड्या टाकीचे आणि पावसाच्या साठवलेल्या पाण्याचे मात्र तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पाणी गढूळ होते, आम्लता वाढते, काही वेळा फ्लोराइड वाढते. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून ते आधी निवळून, गाळून मगच शुद्ध करावे लागते. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. टोंगामध्ये १५ जानेवारी २०२२ च्या समुद्राखालील उद्रेकानंतर हीच अडचण झाली, कारण तिथली बरीच घरे छपरावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यावर चालतात. मदतीची विमाने उतरावीत म्हणून तिथे माणसांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन धावपट्टी साफ केली होती.

आणखी एक गोष्ट पाणीपुरवठ्याविषयी. राख पडलेल्या शहरात सगळे जण एकाच दिवशी धुवायला नळ सोडतात, आणि टाक्या रिकाम्या पडतात. महापुरात शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्यात गेल्यावर चहूबाजूंनी पाणी असलेल्या कोल्हापुरात आपण टँकरच्या रांगेत उभे होतो, ते आठवा. शिंपडण्याएवढेच पाणी वापरायचे हे गटारासाठी जितके खरे, तितकेच टाकीसाठीही.

गंगावेस_कट्टा

मी आधी शंका काढली होती, ती मागे घेतो. मला माझ्या आजोळची आठवण झाली. गावाशेजारी साखर कारखाना, नाव घेत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की बॉयलरमधून उडालेली चिपाडाची काळी राख रोज पहाटे अंगणात पडलेली असे. मामी वाळवणावर धोतर पसरायची. तक्रारी झाल्या, अर्ज झाले, धुराड्यावर यंत्र बसवल्याचे सांगण्यात आले, आणि राख पडतच राहिली. पण गावात एक रीत होती. राख रस्त्यावर लोटायची नाही, परसातल्या खड्ड्यात टाकायची, कारण रस्त्यावर लोटलेली राख एसटी गेली की परत घरात येते. उत्तरेश्वरकर काका जे कागोशिमात शिकून आले ते माझ्या मामीला तिकीट न काढता ठाऊक होते.

ती राख हलकी असते, पाण्यावर तरंगते, हे मान्य. पण आता प्रश्न असा की आपल्याकडे परसात खड्डा काढायला परसू राहिले आहे का? तुमचे वीस ब्रास जाणार कुठे? इराणी खणीत?

उत्तरेश्वरकर

मामींना माझा नमस्कार सांगा. प्रश्न नेमका विचारलात. माझ्या मते झाडणे हा या कामाचा सोपा भाग आहे.

खणीत टाकायचे नाही. जिथे पाणी आहे, जिथे आपण गणपती विसर्जन करतो, तिथे राख म्हणजे खण कायमची बुजवणे आणि पाणी बिघडवणे. नाल्यात तर मुळीच नाही. जयंती नाल्यात लोटलेली प्रत्येक पाटी पंचगंगेत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात फुगवटा होऊन आपल्याच दारात परत येते. भुयारी गटारातही नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला, तेव्हा सुमारे १३५ किलोमीटरवरच्या याकिमा शहरावर राख पडली. ती गटारांतून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेली आणि तिने तिथली यंत्रे खाऊन टाकली. त्या शहराने सुमारे सहा लाख टन राख उचलली, त्याला दहा आठवडे लागले. जुन्या कोरड्या दगडखाणी आणि कचरा भूमी त्यासाठी वापरल्या गेल्या. ढीग तसाच ठेवला तर उन्हाळ्यातला पहिला वारा तो शहरावर परत आणून टाकतो, म्हणून वर माती पसरून गवत पेरावे लागते.

आपल्याकडे अशी कोरडी खाण कोणती, तिथपर्यंत डंपरला रस्ता आहे का, पावसात तिचे पाणी कोणत्या ओढ्याला जाते, हे संकटाच्या दिवशी शोधायचे नसते. पुराच्या वेळी आम्ही भरलेली ट्रॉली घेऊन चालकाला ‘थांब, विचारून सांगतो’ म्हणत दोन तास उभे होतो. कोणाला विचारले आणि उत्तर का आले नाही, ते सोडून द्या. शेवटी चालकाने कंटाळून तो गाळ एका मोकळ्या प्लॉटवर ओतला, आणि तो दुसऱ्या दिवशी पावसाने पुन्हा गल्लीत उतरला. म्हणजे तोच गाळ आम्ही दोनदा काढला.

कागोशिमात ही विभागणी स्पष्ट आहे. महापालिका पिवळ्या पिशव्या मोफत देते. त्या पिशवीच्या नावाचा अर्थच ‘राखेवर मात करणारी पिशवी’ असा आहे, असे मुलीने सांगितले. घराच्या हद्दीतली राख घरच्यांनी भरायची आणि ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवायची. तिथून पुढे पालिका नेते. रस्ते पालिकेची झाडणारी वाहने साफ करतात. घरचा कचरा त्या पिशवीत चालत नाही, आणि राख घरच्या कचऱ्यात चालत नाही. स्मशानातल्या थडग्यांवरसुद्धा तिथे छोटी छपरे आहेत. पूर्वजांना राखेत ठेवू नये म्हणून. ती पाहून सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

राखेचा उपयोगही होतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. आइसलँडच्या हेमाए बेटावर २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावालगत जमीन फाटली, पाच हजारांवर लोक एका रात्रीत बोटींनी बाहेर काढले गेले. परत आल्यावर त्यांनी गाव राखेतून उकरून काढले आणि ती राख विमानतळाची धावपट्टी वाढवण्यासाठी व नव्या घरांखालच्या भरावासाठी वापरली. भराव म्हणून ती चालते, हे मी अभियंता म्हणून मान्य करतो. बांधकामाच्या काँक्रीटमध्ये वापरायची असेल तर आधी तपासणी हवी, कारण तिच्यातले क्षार लोखंडाला खातात.

काळा_पाषाण

दगडी मंदिरांविषयी एक भर घालतो, कारण अंबाबाईच्या मंदिराच्या गावात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. जावा बेटावर २०१० मध्ये मेरापीच्या उद्रेकानंतर बोरोबुदूरच्या स्तूपावर राख पसरली. तीही ज्वालामुखीच्याच दगडाची वास्तू, तरी राखेची आम्लता आणि कणांची धार दगडाला घातक म्हणून ती हातांनी, ब्रशने काढावी लागली, आणि त्यात आसपासच्या गावांतले लोकही राबले. दगडाच्या सांध्यांतली राख काढणे हे सर्वांत किचकट काम ठरले, कारण ती आत मुरली की पाण्याचा निचराच बंद होतो. २०१४ मध्ये केलुदच्या राखेच्या वेळी त्यांनी स्तूपांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घातले. आपल्या मंदिराच्या कोरीवकामावर कोणी उत्साहाने पाण्याचा जोरदार फवारा मारलाच, तर नुकसान राखेपेक्षा फवाऱ्याने अधिक होईल.

शुक्रवार_पेठेतली_काकू

हे सगळे वाचून मी आज आमच्या गच्चीवर जाऊन पन्हळीचा पाईप सुटतो का पाहिले. सुटला नाही. तो सिमेंटने भिंतीत पक्का बसवला आहे. मिस्त्रीने २०२१ च्या पुरानंतर तो ‘आता हलणार नाही’ म्हणून अभिमानाने बसवून दिला होता.

ओतारी_शिरोली

काकू, तो पाईप कापून मध्ये फिरकीचा जोड टाकता येतो. रविवारी सकाळी मी तुमच्याकडे येतो, पीव्हीसीचे करवतपाते माझ्याकडे आहे. कचेची दोन पोती आणि ताणकाटाही आणतो. तुमच्या गच्चीवर कठड्याकडच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटर थर पसरू, फवारणीची बाटली किती वेळा भरावी लागते ते मोजू, आणि झाडून झाल्यावर किती कच जाळीत गेली तेही चाळून बघू. शिवारवाट, तुमच्याकडे पाठीवरचा औषध फवारणीचा पंप असेल तर स्वच्छ धुऊन आणा, बाटलीने साठ गच्च्या होणार नाहीत. तालमीची दोन पोरे मिळाली तर घमेली त्यांच्याकडून.

शिवारवाट

पंप आणतो. तणनाशकाचा नाही, नुसत्या पाण्याचा वेगळा ठेवला आहे, तोच आणतो.

उत्तरेश्वरकर

मी येतो. पिवळी पिशवी एक शिल्लक आहे, तीही आणतो. तिच्यात आपली कच किती मावते ते कळेल. सौभाग्यवतींनी अट घातली आहे की मी बादलीला हात लावायचा नाही.